कामोठ्याला नेलेला बंगला

“थांबव रे बाल्या, गारी थांबव! गच्ची चालली! आखी गच्ची चालली खाली!”

आत्या ओरडली आणि बाळ्यामामाने ब्रेक सोडून बाकी सगळं दाबलं. ब्रेकला पाय लावणार नाही अशी शपथ ताईने त्याला निघतानाच घातली होती. मग गिअर उतरवत, गाडीला रुसलेल्या बायकोसारखी समजावत त्याने ती बेलापूरच्या चढाला रस्त्याच्या कडेला नेली. मागे डंपरांची जी रांग लागली ती थेट वाशीच्या पुलापर्यंत गेली असणार. एकेक ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून आमच्या खानदानाची चौकशी करत होता. आत्याला त्याचं काही नव्हतं. ती मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून दोन्ही तळव्यांनी एका गुलाबी बंगल्याची गच्ची तोलून धरत होती.

“हात काढ आत्या,” ताई म्हणाली. आवाज असा, जणू समोर प्रेत बघितलंय.

“हात कारला तर परेल.”

“ठेवलास तर वितळेल.”

दोघींचंही खरं होतं. ती गच्ची म्हणजे ताईचं सगळं पुढचं आयुष्य होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर बोटभर डावीकडे सरकलं होतं.

बंगला केकचा होता, हे आता सांगितलं पाहिजे. दोन मजली. पुढे गॅलरी, गॅलरीला साखरेचं रेलिंग, पायऱ्या बिस्किटांच्या, खिडक्यांना वितळवलेल्या लिमलेटच्या गोळ्यांच्या लालपिवळ्या काचा, गच्चीवर पाण्याची टाकी आणि अंगणात हिरव्या रंगात बुडवलेल्या खोबऱ्याची हिरवळ. एवढी हिरवळ तेव्हा आख्ख्या नव्या मुंबईत कुणाच्या दारात नव्हती. होती ती धूळ. जिकडे बघावं तिकडे डोंगर पोखरत होते, खाजण बुजवत होते, आणि त्या धुळीतून आम्ही चौघं एक बंगला घेऊन वाशीजवळच्या आमच्या गावाहून कामोठ्याला चाललो होतो. मे महिना. गाडीच्या टपावर भाकरी टाकली असती तर ती दोन्ही बाजूंनी भाजून निघाली असती.

आमचं घर खाडीच्या तोंडाशी. भरतीला पाणी मागच्या परसापर्यंत यायचं आणि कधी कधी एखादा निवटा मासा परसातल्या भांड्यांत उड्या मारायचा. माझ्या बापाला, म्हणजे दादांना, मिठाशिवाय काही येत नव्हतं. आमची मिठागरं होती, मग सरकारने नवं शहर वसवायला घेतली, आणि दादा एका पावसाळ्यात आगरी मिठागरवाल्याचे घरमालक झाले. गावातले सगळेच तसे झाले. ज्याला त्याला वाटायला लागलं, पुढची पडवी पाडावी, तिथे शटर लावावं, भाडेकरू बसवावा आणि आपण ओट्यावर पाय हलवत बसावं. दादांनी पण एक गाळा काढला. शटर एवढं करकर वाजायचं की पहिल्यांदा उघडलं तेव्हा आमच्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी घातली नाहीत.

त्या गाळ्यावर दोघांचा डोळा होता. एक लखमशी वाणी. वाशीला दुकान चालत होतं, त्याला गावात दुसरं टाकायचं होतं, आणि तो रोज संध्याकाळी येऊन दादांच्या शेजारी बसायचा, शटरकडे बघायचा, सुस्कारा सोडायचा. दुसरी आमची शैलाताई. ताईने वाशीच्या सेक्टरात एका टीचरकडे केकचा क्लास केला होता. घरी भट्टी नव्हती, म्हणून ती मोठ्या पातेल्यात खाडीची धुतलेली वाळू तापवायची आणि त्यात डबा ठेवून केक भाजायची. मागे दोरीवर बोंबील वाळताहेत, चुलीवर व्हॅनिलाचा वास सुटलाय, आणि दोन्ही वास मिळून जे काही व्हायचं ते शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना सहन व्हायचं नाही. त्या नाकाला पदर लावून यायच्या आणि वाटीभर खाऊनच जायच्या. ताईला त्या गाळ्यात केकचं दुकान काढायचं होतं. गावात लोक हसायचे. केक खायला माणूस वर्षात एकदा जन्मतो, म्हणायचे.

अशात कामोठ्याहून कान्हाशेठ आला. तो लांबचा नातलग, आता बिल्डर झालेला. गळ्यात साखळी एवढी जाड की तिला बैल बांधावा. त्याने नवा बंगला बांधला होता, एकाच दिवशी वास्तुशांत आणि नातवाचा पहिला वाढदिवस ठरवला होता, आणि त्याला डोक्यात असं आलं होतं की केक असावा तर आपल्या बंगल्यासारखा. हुबेहूब. त्याने बंगल्याचा फोटो आणला होता. “गॅलरी इसरू नको,” तो ताईला म्हणाला. “आन पाटी पन पाहिजे. आईचं नाव घातलंय बंगल्याला. भागीरथी निवास.” पूजेचं घर म्हणून अंडं चालणार नव्हतं. बिनअंड्याचा केक म्हणजे भुसभुशीत, जरा जोरात शिंकलं तरी भेग पडते. ताई एका शब्दाने नाही म्हणाली नाही.

दादांनी सगळं ओट्यावरून ऐकलं होतं. कान्हाशेठ गेल्यावर त्यांनी ताईला समोर बसवलं. लखमशी पण होताच. दादा म्हणाले, “शैले, मीठ पिकवाला अक्कल लागत नाय. ऊन करता त्ये. मचव्यान घालून मुंबईला पोचवाला अक्कल लागते, कारन वाटेत त्याचा पानी होता. तुजा ह्यो माल मिठाहून वंगाळ. कामोठ्याला पोचव. आखा पोचला, तर गाळा तुजा. नाय पोचला, तर त्याच सांजला लखमशीशेठ कुलूप लावल.” लखमशीने मान डोलावली. माणूस सभ्य, तोंडावर काही दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो नवं पितळी कुलूप खिशात घेऊन यायला लागला.

मग आमच्या घरात जी तयारी सुरू झाली तशी तयारी लढाईला जाणारे राजे करत नसतील. आईने सांगितलं, रात्रीच थंड्या वेळी न्या. पण कान्हाशेठला पाहुण्यांसमोर बंगला दुपारी जेवणाच्या वेळी गाडीतून उतरताना दाखवायचा होता. बाळ्यामामा एरवी खडीचा डंपर चालवायचा. त्याने कुणाकडून तरी एक म्हातारी अँबॅसिडर आणली आणि पुढची डावीकडची सीट उपटून काढली. त्या जागेत केक ठेवायचा नाही, बर्फ ठेवायचा, हे डोकं आत्याचं. आत्या दादांची थोरली बहीण, विधवा, मासळीचा धंदा करायची, आणि बर्फाशी तिची अशी ओळख की धक्क्यावरचा बर्फवाला तिला बघून गोणी आपणहून उघडायचा. तिने लाद्या भाताच्या कोंड्यात गुंडाळून, गोणपाटात शिवून आणल्या. “वास नाय येनार,” ती म्हणाली. आला. गाडीत बसल्यावर असं वाटलं की आपण सुरमईच्या पोटात बसून चाललोय. ताईने केक मलमलच्या दोन पडद्यांत झाकला, आणि वास आत जाऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने त्यावर केवड्याचं पाणी शिंपडत राहिली.

आता धक्क्यांचं काय करायचं. रस्त्याला असे खड्डे होते की एकेकात म्हशी बसायच्या. यावर बाळ्यामामाने डंपरच्या चाकाची आतली ट्यूब काढली, जिच्यावर बसून आम्ही पोरं खाडीत पोहायचो. अर्धी हवा भरली, मागच्या सीटवर ठेवली, तिच्यावर जेवणाचा मोठा पाट, पाटावर बंगला. गाडीने उडी मारली की बंगला वर जायचा आणि पाळण्यासारखा खाली यायचा. आतून मजले एकमेकांना धरून राहावेत म्हणून ताईने नव्या खराट्याचे हीर धुऊन, तासून, वरून खाली खुपसले होते. टपावर ओलं गोणपाट. खिडक्यांना आईच्या ओल्या साड्या. मी एका बाजूला कळशी घेऊन, साड्या सुकल्या की भिजवायला. आज माझ्या नातीचा केक एक मुलगा मोटरसायकलवर पाठीला थंडगार पेटी लावून आणतो, दारात देतो आणि मोबाइलकडे बघत निघून जातो. त्याला मी पाणी विचारते. तो नको म्हणतो. मला दर वेळी त्याला बसवून ही गोष्ट सांगावीशी वाटते, पण तो कुठे थांबतो.

तर, बेलापूरचा चढ. गाडीचं तोंड वर, त्यामुळे बंगल्याचं पण वर, आणि वरचा मजला उन्हाने मऊ झालेल्या क्रीमवरून मागे आणि डावीकडे घसरला. ताईने पोलक्यात खोचलेले उरलेले हीर काढले. “मामा, गाडी उतरणीला तोंड करून लाव,” ती म्हणाली. बाळ्यामामाने भर रस्त्यात गाडी फिरवली. डंपरवाल्यांनी आता शिव्या देणं सोडलं, ते नुसते बघत राहिले. बंगला आता दुसऱ्या बाजूला कलला, ताईने गच्चीला हात न लावता तिला आपल्या वजनाने परत जागेवर येऊ दिलं, आणि आली तशी हीर खुपसले, एक, मग दुसरा, मग पाण्याच्या टाकीतून आरपार तिसरा. बर्फाचा तुकडा मलमलमध्ये धरून तिने सांधा थंड केला. आत्याने तळव्यांवरचं गुलाबी क्रीम बघितलं, चाटलं, आणि म्हणाली, “गोर हाय.” तेवढंच त्या प्रवासात कुणी हसलं.

कामोठ्याला पोचलो तेव्हा बर्फाचं पाणी आमच्या घोट्यांपर्यंत आलं होतं. पण बंगला आखा होता. कान्हाशेठच्या खऱ्या बंगल्यासमोर मांडव, माणसं तीन गावची, बँडवाले घामाने चिंब, भटजी होम आटपून पंख्याखाली बसलेले. चौघांनी पाट उतरवला आणि मांडवातल्या टेबलावर ठेवला. मलमल काढली. एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी त्याआधी फक्त मयताला बघितली होती. एक खरा गुलाबी बंगला आणि त्याच्यासमोर त्याचंच पिल्लू. लोक एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. कान्हाशेठने गॅलरी मोजावी तशी बघितली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी वाकडी झाली. गाळा मिळाला, असं आम्हा दोघींनाही त्या क्षणी वाटलं.

नातवाला आणलं. त्याच्या डोक्यावर चकचकीत टोपी, हातात रिबन बांधलेली सुरी, सुरीवर बापाचा हात. भागीरथी आजींना खुर्चीत बसवून पुढे आणलं. म्हातारी बारकी, पण नऊवारीचा काष्टा असा कसलेला की कुणाची बोलायची छाती होणार नाही. कुठल्यातरी पोरीने तिला पाटी वाचून दाखवली. “आजे, तुजा नाव हाय बग.” म्हातारीने नावावरून बोट फिरवलं, हवेतच. हसली. आणि तेवढ्यात बँड सुरू झाला आणि सुरी खाली आली.

“हात थांबव.”

ती ओरडली नाही. तरी बँड थांबला. तुतारीवाला तर गाल फुगवूनच राहिला.

“काय झाला आये?” कान्हाशेठ म्हणाला.

“घराला सुरी लावतंस?”

“आगं, केक हाय. खायचा असतो.”

“घर हाय. माजा नाव हाय त्याच्यावर.” म्हातारी उठून उभी राहिली. “एक घर माज्या डोल्यांदेखत तोरला. रस्ता पाहिजे व्हता त्यांना. मी चुलीवरचा भात पन उतरवला नव्हता. आज वास्तुशांत केलीस, घराची पूजा केलीस, आन त्याच घराला पोराच्या हातान कापतंस? माज्या दारात?”

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी वाढवून सांगते, घरच्यांचं तसं म्हणणंच आहे. पण त्या मांडवात जे झालं त्यात मला वाढवायला जागाच नाही. तीन गावची माणसं त्या बंगल्याकडे बघत राहिली, आणि एकेकाच्या तोंडावरचा रंग उडालेला मला दिसला. फोटो काढला, ऑर्डर दिली, गॅलरी विसरू नको म्हणून सांगितलं, ताईने आठवडा घालवला, आम्ही बेलापूरला भर रस्त्यात गाडी फिरवली; आणि शेवटी या घरावर सुरी चालवायची आहे, हे कुणाच्या म्हणजे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्यांची घरं रस्त्यात गेली होती असे त्या मांडवात कितीतरी होते. एक म्हातारा डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला. नातवाच्या बापाने सुरी पाठीमागे लपवली, चोरासारखी.

कान्हाशेठ भटजींकडे गेला. भटजी डोळे मिटून म्हणाले, “शास्त्रात केक नाही.” मग कोण म्हणालं, पाटी तेवढी काढा आणि कापा. म्हातारीने त्याच्याकडे फक्त बघितलं, तो पाणी प्यायला गेला. कोण म्हणालं, राहू द्या असाच, शोभेला. पण ऊन होतं. मांडवाच्या कापडातून ते गाळून आल्यासारखं येत होतं, आणि सगळ्यांच्या देखत साखरेचं रेलिंग हळूच खाली वाकायला लागलं. वास्तुशांतीच्या दिवशी, आलेल्या पाहुण्यांसमोर, भागीरथी निवास कोसळणार होता. कान्हाशेठचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली. तो ताईजवळ आला आणि एकदम हळू म्हणाला, “पोरी, परायच्या आत घेऊन जा. आखा घेऊन जा. हात जोरतो.”

आम्ही आणला तसा तो परत उचलला. निघताना तुतारीवाल्याने सवयीने एक सूर काढला आणि स्वतःच गप्प बसला. कान्हाशेठने थंड्याच्या बाटल्यांच्या टबातला सगळा बर्फ आमच्या गाडीत ओतवला. पाहुणे कोमट थंडा प्याले असतील. ताई सरळ बसली होती. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. खारघरच्या डोंगराखाली आल्यावर ती म्हणाली, “मामा, खाडीच्या पुलावर थांब. टाकून देऊ.”

“काय टाकतंस?” आत्या म्हणाली.

“हेच. घरी नेऊन काय करू? दादांना काय दाखवू, परत पाठवला म्हणून?”

“कापवत नाय त्या म्हातारीला, आन तू खारीत ढकलतंस. घर हाय त्ये.” आत्याने बंगल्याकडे तोंड करून मांडी घातली, जणू त्याचा पहारा आता तिच्याकडे. “ट्यूबची हवा गेली. सुले, फुंक.”

सुले म्हणजे मी. त्या ट्यूबच्या तोंडाला मी तोंड लावलं आणि कामोठ्यापासून वाशीपर्यंत फुंकत आले. माझ्या फुंकण्यावर तो बंगला तरंगत आला, यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तोंडाला रबराची चव, आणि मधून मधून आत्या माझ्या टाळूवर बर्फ घासत होती. ताईने वाकलेलं रेलिंग ओल्या मलमलने टेकवून धरलं होतं. बेलापूरला या बाजूनेही चढ होता; तिने सांगितलं नाही तरी बाळ्यामामाने आपणहून गाडी फिरवली आणि तो उलट्या गिअरमध्ये चढला. डंपरवाल्यांनी या वेळी वाट दिली.

घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. दादा ओट्यावर होते. शेजारी लखमशी, आणि लखमशीच्या मांडीवर पितळी कुलूप. त्याने नवा तराजू पण आणून शटरला टेकवून ठेवला होता. गाडी थांबली, आत्या आधी उतरली, मग आम्ही तिघांनी पाट बाहेर काढला. लखमशी उठून उभा राहिला. आईने दारातून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. एवढ्या लांब गेलेला केक परत येतो, हे आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. लग्नातून मुलगी परत आली की येते तशी शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली.

ताईने पाट ओट्यावर दादांच्या पायाशी ठेवला. काय झालं ते तिने सांगितलं, दोनचार वाक्यांत, मान खाली घालून. म्हातारी, सुरी, नाव, परत पाठवणं. काही लपवलं नाही. दादा ऐकत होते. मग ते खाली वाकले. मिठाची रास तपासायचे तसे ते बंगल्याभोवती एक पूर्ण फेरी फिरले. गॅलरी बघितली. पायऱ्या बघितल्या. लिमलेटच्या खिडकीतून आत डोकावले. पाण्याच्या टाकीतून बाहेर आलेला हीर त्यांनी नखाने किंचित दाबला. तो हलला नाही.

लखमशीने खाकरून घेतलं. “दादा, वाईट वाटतं मुलीचं,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत असावं. “पण ठरलं होतं तसं तर झालं नाही ना. केक तर परत आला.”

दादांनी त्याच्या मांडीवरून घसरून ओट्यावर पडलेलं कुलूप उचललं, पुसलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

“दोनदा पोचला,” ते म्हणाले.